शिकाऊ उमेदवार फक्त कारखान्यातच असतो?

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या घरकुल प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये झाली आणि पहिली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये लाभार्थ्यांना मिळाली. शिकाऊ उमेदवारीची मुदत नियमाने 6 ते 36 महिने. म्हणजे एवढ्या मोठ्या सरकारी कामाच्या काळात गवंडी, प्लंबर, वायरमन यांच्या एकाहून अधिक तुकड्या शिकून बाहेर पडू शकतात. तरी ‘अप्रेंटिस’ म्हटले की आपल्याला रेल्वे नाहीतर कारखानाच आठवतो आणि बांधकामाला हा कायदा लागू नाही, असे सर्रास सांगितले जाते. तो लागू आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि मोजणीत कंत्राटी माणसेही धरायची. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटशर्तींत तर या कायद्याचे उल्लंघन हा कराराचा भंग मानला आहे.

‘ठेकेदाराला हे परवडत नाही’ या तक्रारीचा हिशोब मांडून पाहू. 200 माणसांच्या आस्थापनेला किमान 5 उमेदवार लागतात. आयटीआय झालेल्याचे किमान विद्यावेतन 2019 च्या नियमांत 7,000 रुपये होते, म्हणजे महिना 35,000. केंद्राची प्रोत्साहन योजना विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल 1,500 रुपये, उचलते, उरले 27,500. एवढ्या मोठ्या कामात ही रक्कम किरकोळ आहे. खरी गोम दंडात आहे. 2014 च्या दुरुस्तीने ठरवलेला दंड पहिले तीन महिने कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे महिना 500 आणि पुढे 1,000 रुपये. उमेदवार घेण्यापेक्षा दंड भरणेच स्वस्त! शिवाय सेंट्रिंग एकाकडे, प्लास्टर दुसऱ्याकडे, फरशी तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली की प्रत्येक पोटठेकेदार 30 च्या आत राहतो.

शिकाऊ मुलांमुळे काम रेंगाळते, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. ओळंबा सोडून भिंतीचा दोन सुतांचा कल ओळखणे आठवड्यात येत नाही. पण ग्रामीण आवास योजनेत गवंड्यांना 45 दिवसांत प्रत्यक्ष घर बांधतच शिकवले जाते. शिकणे आणि बांधणे एकत्र चालू शकते. दुसऱ्या टोकाला उमेदवारी म्हणजे पक्की नोकरी, असे पालक धरून चालतात. तसे बंधन मालकावर नाही. कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, मात्र कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाचीच आहे. त्याला बिगारी म्हणून घमेली उचलायला लावणे ही तर सरळ फसवणूक, आणि विद्यावेतन बिगारीच्या रोजंदारीपेक्षा कमी असल्याने अशा ठिकाणी मुलगा टिकणारही नाही. ठेकेदार उमेदवार घेत नाहीत, हा प्रश्न दंडाने सुटणार नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेने निविदेतच पोटठेकेदारांसह एकूण माणसे मोजावीत, आणि उमेदवारांचे नोंदणीकृत करार पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये.