फार्मव्हिलच्या मुलांचा संप

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांची गोष्ट आपल्याकडे बहुधा रोझा पार्क्स यांच्यापासून सुरू होते. डिसेंबर १९५५, माँटगोमेरी शहर, बसमधली न सोडलेली जागा. त्याच्या साडेचार वर्षं आधी, २३ एप्रिल १९५१ रोजी, व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल या लहानशा गावात साडेचारशे शाळकरी मुलांनी संप पुकारला होता. त्यांची पुढारी होती सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालाच्या मागे पाच ठिकाणचे खटले होते. त्यांतला विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला खटला एकच, तो फार्मव्हिलचा.

मुलांच्या धाडसाचं कौतुक करताना आपण त्यातलं डोकं विसरतो, असं मला नेहमी वाटतं. अन्याय सहन झाला नाही, लेकरू पेटून उठलं, मोठ्यांचे डोळे उघडले, अशी ती गोष्ट होऊन बसते. फार्मव्हिलच्या मुलांनी कित्येक महिने गुप्तपणे आखणी केली, कायद्याचा सल्ला मागितला, आपल्या मागणीचा पुनर्विचार केला आणि मग मोठ्यांना सोबत घेतलं. त्यांच्या शहाणपणाला तेवढा मान तरी द्यायलाच हवा.

आधी त्यांची शाळा कशी होती ते पाहू. रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल ही फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथली कृष्णवर्णीयांची शाळा. १९३९ साली बांधलेली विटांची एकमजली इमारत, १८० मुलांसाठी. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही, प्रयोगशाळा नाही. दहा-बारा वर्षांत पट साडेचारशेच्या आसपास गेला. नवी इमारत द्या म्हणून पालक मागणी करत राहिले. शिक्षण मंडळाने आवारात कच्च्या शेड उभ्या करून दिल्या. लाकडी सांगाडा, त्याला पातळ फळ्या, वरून डांबर लावलेला कागद. पाऊस आला की गळायचं. हिवाळ्यात शेगडीजवळ बसलेली मुलं भाजून निघायची आणि लांब बसलेली मुलं कोट न काढता धडे गिरवायची. रस्त्याने जाणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटावीत, असं ते दृश्य होतं. त्याच गावातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत व्यायामशाळा होती, उपाहारगृह होतं, प्रशस्त सभागृह होतं. तिथे जुन्या झालेल्या बस आणि पुस्तकं मोटन शाळेच्या वाट्याला येत.

आणि हे सगळं कायदेशीर होतं. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सोयी समान असतील तर गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवायला हरकत नाही, असा निकाल दिला होता. पुढचं अर्धशतकभर दक्षिणेकडच्या राज्यांनी त्यातला ‘वेगळं’ एवढाच भाग पाळला.

बार्बराचा जन्म न्यूयॉर्कचा, १९३५चा, पण कुटुंबाची मुळं प्रिन्स एडवर्डमधली. वडील शेती करत, आई नोकरीसाठी वॉशिंग्टनला असे. धाकट्या भावंडांचं आवरून त्यांना शाळेत धाडणं थोरल्या बार्बराकडे. तिने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत एक सकाळ आहे. भावंडांना बसपर्यंत पोचवण्याच्या गडबडीत तिचा स्वतःचा डबा घरी राहिला. तो आणायला ती माघारी धावली आणि बस चुकली. रस्त्याच्या कडेला ती ताटकळत असताना गोऱ्या शाळेची बस तिच्या समोरून निघून गेली, निम्मी रिकामी. शाळेच्या दुरवस्थेबद्दल तिने संगीत शिकवणाऱ्या आयनेझ डेव्हनपोर्ट बाईंकडे गाऱ्हाणं केलं होतं. मग तूच काही का करत नाहीस, असं बाई म्हणाल्या. तेव्हा तिला ते लागलं. बाईंनी आपल्याला झटकून टाकलं असं वाटलं. त्या प्रश्नातूनच पुढचा सगळा विचार सुरू झाला.

१९५०च्या पानगळीच्या दिवसांत तिने मोजक्या मुलांना गाठलं. ज्यांचा शब्द वर्गात चालतो अशी ती मुलं होती. त्यांत कॅरी आणि जॉन स्टोक्स ही जुळी भावंडं होती. बैठका खेळाच्या मैदानावर व्हायच्या. घरी कुणाला काही सांगायचं नाही, शिक्षकांना तर मुळीच नाही. मुलांनी आधी पालकांच्या आणि शिक्षण मंडळाच्या सभांना जाऊन बसायला सुरुवात केली. मोठ्यांचे अर्ज कसे फिरवले जातात ते त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. सरळ मार्गाने काही होत नाही याची खात्री पटल्यावरच त्यांनी दिवस ठरवला.

त्या सोमवारी सकाळी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला की शाळेची काही मुलं गावातल्या बस-स्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते तातडीने निघाले. इकडे प्रत्येक वर्गात चिठ्ठी गेली: सगळ्यांनी सभागृहात जमावं. मुख्याध्यापक अशा चिठ्ठ्यांवर आडनावाचं नुसतं आद्याक्षर घालत, आणि बार्बरा जॉन्सच्या आडनावाचं आद्याक्षरही तेच. पडदा सरकला तेव्हा मंचावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली. काहींनी विरोध केला, तेव्हा तिने पायातला बूट काढून बाकावर आपटला. शिक्षक गेल्यावर तिने मुलांपुढे मागणी मांडली. नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचं नाही. फलक आधीच रंगवून तयार होते.

मुख्याध्यापकांना दूर पाठवण्याचा आणि शिक्षकांना बाहेर काढण्याचा हेतू नीट पाहायला हवा. संपात त्यांचा हात होता असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी ती खबरदारी होती. ती पुरेशी ठरली नाही; जोन्स यांची नोकरी गेलीच. पण पोटावर पाय कुणाचा येईल, हा हिशेब सोळा वर्षांच्या मुलीने संपाच्या आधी मांडला होता.

मुलांनीच का पुढे यावं, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. आईवडील गोऱ्यांच्या शेतावर किंवा घरी कामाला, कर्ज गोऱ्यांच्या बँकेचं, दुकानातली उधारी गोऱ्या मालकाची. शिक्षकांचा करार दरवर्षी गोऱ्यांच्या मंडळाच्या हातात. मुलांकडे गमावण्यासारखी नोकरी नव्हती. बारा वर्षांनी, मे १९६३मध्ये, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या आंदोलनाने याच कारणासाठी शाळकरी मुलांना रस्त्यावर उतरवलं. हजाराहून जास्त मुलं तुरुंगात गेली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले, कुत्री सोडली गेली. ती छायाचित्रं जगभर पोचली. फार्मव्हिलच्या वाट्याला तसे कॅमेरे आले नाहीत.

संपाच्या पहिल्याच दिवशी बार्बरा आणि कॅरीने रिचमंडच्या दोन वकिलांना पत्र धाडलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोघे एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेसाठी खटले लढत. दुसऱ्या एका कामासाठी जाताना ते बुधवारी फार्मव्हिलला थांबले, ते मुलांची समजूत घालून त्यांना वर्गात परत पाठवायच्या विचाराने. रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये भेट झाली. मुलांची तयारी आणि शिस्त पाहून वकिलांचं मन बदललं. पण त्यांनी एक अट घातली. चांगल्या इमारतीसाठी खटला लढायचे दिवस संपले आहेत. लढायचं असेल तर गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एक करा, या मागणीसाठी लढू. आणि पालकांची संमती हवी.

मला हा क्षण संपाच्या सकाळपेक्षाही मोठा वाटतो. मुलं इमारत मागायला निघाली होती. आता समोर आलेली मागणी त्यांच्या गावची सगळी घडी मोडणारी होती. त्यांनी विचार केला आणि होकार दिला. पुढे पालकांच्या सभा झाल्या. आधीच्या एका मुख्याध्यापकांनी सबुरीचा सल्ला दिला, तेव्हा बार्बरा उठून त्यांच्याविरुद्ध बोलली. चर्चने आणि बहुसंख्य पालकांनी मुलांची बाजू घेतली. दोन आठवड्यांनी, ७ मेला, मुलं वर्गात परतली. २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. यादीत पहिलं नाव चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिसचं, म्हणून खटल्यालाही तिचं नाव मिळालं.

खालच्या न्यायालयात मुलं हरली. मात्र दरम्यान काउंटीने घाईघाईने पैसे उभे केले आणि १९५३ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी नवी, सर्व सोयींची शाळा उघडली. एवढी वर्षं पैसे नाहीत म्हणणाऱ्या मंडळाकडे ते अचानक आले होते, वेगळेपण टिकवण्यासाठी. वकिलांची अट किती बरोबर होती, हे त्या इमारतीनेच सिद्ध केलं. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निकाल दिला. वेगळ्या ठेवलेल्या शाळा मुळातच असमान असतात, म्हणून त्या घटनेला धरून नाहीत.

बार्बरा तेव्हा फार्मव्हिलमध्ये नव्हती. धमक्या येऊ लागल्यावर घरच्यांनी तिला माँटगोमेरीला काकांकडे पाठवलं होतं. काका म्हणजे व्हर्नन जॉन्स, डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे परखड धर्मोपदेशक. त्यांच्यानंतर १९५४मध्ये त्या जागी मार्टिन ल्यूथर किंग आले. १९५५ साली प्रिन्स एडवर्डमधलं जॉन्स कुटुंबाचं घर जळून खाक झालं.

इथे बहुतेक लेख थांबतात. पण फार्मव्हिलची सर्वांत कठीण वर्षं यापुढची आहेत. व्हर्जिनियाच्या गोऱ्या राजकारण्यांनी निकाल न मानण्याचं धोरण जाहीर केलं. १९५९ साली न्यायालयाने प्रिन्स एडवर्डला शाळा एकत्र करायचा आदेश दिला, तेव्हा काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी पैसे मंजूर करायलाच नकार दिला. सप्टेंबरमध्ये एकूण एक सरकारी शाळा बंद राहिली. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा लगेच सुरू झाली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदानही मिळू लागलं. सुमारे १७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नव्हतं. काही मुलं परगावी, परराज्यात अनोळखी कुटुंबांत राहून शिकली. काहींना चर्चच्या तळघरात अक्षरओळख मिळाली. कितीतरी मुलं तंबाखूच्या शेतात गेली. ही स्थिती पाच वर्षं चालली. १९६३-६४ या एका वर्षात केनेडी प्रशासनाच्या पाठबळाने खासगी निधीतून मोफत शाळा चालल्या. मे १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या, तो खटला रेव्हरंड ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने लढला गेला होता.

१९५९ साली सहा वर्षांचा असलेला मुलगा अकराव्या वर्षी सरकारी शाळेची पायरी चढला. पंधरा वर्षांची मुलगी तोपर्यंत वीस वर्षांची बाई झाली होती. संप करणाऱ्यांचं शिक्षण तोवर उरकलं होतं. दंड त्यांच्या धाकट्या भावंडांनी भरला. संप झालाच नसता तर हे टळलं असतं, असं कुणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. शाळांना कुलूप मुलांनी लावलं नव्हतं. मतदान करून, ठराव करून ते सज्ञान माणसांनी लावलं होतं, आणि त्याचा दोष इतिहासाने त्या ठरावावर हात वर करणाऱ्यांनाच द्यायला हवा.

बार्बरा पुढे शिकली, लग्न केलं, पाच मुलांची आई झाली आणि फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये ग्रंथपाल म्हणून काम केलं. १९९१ साली ती गेली. मोटन शाळेचं आता संग्रहालय झालं आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनात व्हर्जिनियातर्फे १९०९पासून उभा असलेला जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा डिसेंबर २०२०मध्ये हलवला गेला, आणि त्या मानासाठी राज्याने बार्बराची निवड केली. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीच्या जागी एक शाळकरी मुलगी, ही निवड मला योग्य वाटते.

त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी भरपाई. २००३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला, आणि शिक्षण हिरावलं गेलेल्यांना सन्मान म्हणून हायस्कूलची प्रमाणपत्रं दिली गेली. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी राज्याने शिष्यवृत्ती सुरू केली. शाळेची राहिलेली परीक्षा देण्यापासून महाविद्यालयीन पदवीपर्यंत. तिच्यासाठी पात्र असलेली माणसं तेव्हा पंचेचाळिशी ते साठीपलीकडची होती. त्यातल्या कित्येकांनी अर्ज भरले आणि पुन्हा वर्गात जाऊन बसले.