थेरपीची फी परवडत नाही? आधी अंगणवाडीत जा

पोरगं अडीच-तीन वर्षांचं झालं. हाक मारली तरी वळून बघत नाही. ताटल्या गोल फिरवत बसतं. मिक्सर सुरू झाला की कान झाकून किंचाळतं. सासू म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. शेजारीण म्हणते, नजर लागली. कुणी देवऋषाचा पत्ता देतं. शेवटी शहरातले डॉक्टर सांगतात : स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. आठवड्यातून तीनदा थेरपी करा. फी ऐकून आईबाप चिठ्ठी खिशात घालतात आणि राहात्याच्या एसटीत बसतात. पुढचं वर्ष तसंच निघून जातं.

ते वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. कारण मूल लहान असताना शिकवलेलं लवकर रुजतं.

पहिली गोष्ट : हा कुणाचा दोष नाही. आईच्या वागण्याने किंवा करणीने हे होत नाही. मेंदूची वाढच वेगळ्या तऱ्हेने झालेली असते. गंडा-अंगाऱ्यावरचा पैसा वाचवा, तो प्रवासाला लागेल.

फुकट मिळतं ते आधी घ्या

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे. सेविकाताईंना स्पष्ट सांगा, ‘पथकाला माझं मूल दाखवायचंय.’ पथक येईपर्यंत थांबायचं नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा. मानसतज्ज्ञ, वाचा-उपचार आणि विशेष शिक्षक एका छताखाली मिळावेत यासाठी ही केंद्रं आहेत. निघण्याआधी कोणते तज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा, म्हणजे मजुरीचा दिवस बुडणार नाही.

लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय तर आपल्याच तालुक्यात आहे. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बालरोग आणि मानसोपचार विभागात चौकशी करा, खर्च आधीच विचारून घ्या.

मुलाला फिट येत असतील तर गोळी आधी. थेरपी सुरू झाली म्हणून फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका.

कागद करून ठेवा

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे, त्यात स्वमग्नताही आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. त्यावर ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. बिलं जपून ठेवा. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विशेष शिक्षकांची चौकशी करा. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच.

‘महिन्यातून एकदा जाऊन काय होणार?’

नगर सत्तर-ऐंशी किलोमीटर. रोज जाणं शक्य नाही, हे खरं. पण गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक प्रयोग झाला. 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांचा त्यात समावेश होता. निम्म्या मुलांच्या आईबापांना मोठ्या तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी शिकवलं. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रीकरण करायचं आणि तिलाच दाखवायचं : बघा, इथे तुम्ही थांबलात तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिलं. 2016 साली निष्कर्ष छापून आले. या मुलांचा आपणहून संवाद साधण्याचा प्रयत्न वाढला होता. आजार गेला नाही, पण बोलण्याची वाट उघडली.

म्हणून केंद्रात गेलात की एकच मागणी करा : ‘मला घरी काय करायचं ते शिकवा. मी करते, तुम्ही बघा, चुकलं तर सांगा.’

घरी आजपासून

एक वही करा. मूल चिडलं की तीन गोष्टी लिहा : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. मोबाईल काढून घेतला, डोकं आपटलं, मोबाईल परत मिळाला. असं चार वेळा दिसलं की कळतं, डोकं आपटणं ही त्याची मागण्याची भाषा झाली आहे. मग दुसरी भाषा द्या. पाणी हवं असेल तर त्याचं बोट धरून तांब्याकडे दाखवा, ‘पाणी’ म्हणा आणि लगेच पाणी द्या. रोज हेच, घरातल्या सगळ्यांनी सारखंच. जमलं की त्याच क्षणी शाबासकी. मारू नका, मारातून मूल भीती शिकतं, मागणं शिकत नाही. डोकं आपटून इजा होत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

खाजगी ठिकाणी जायचंच असेल तर मानसतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षकांना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. आईबापांना आत बसू देता का, तेही विचारा. ‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून आणि महागड्या स्टेम सेल इंजेक्शनपासून लांब राहा. त्याने ऑटिझम बरा होतो असा पुरावा नाही.

आणि खचून गेलात तर 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, आईच्या मनासाठीही.

आपल्या वस्तीत असं मूल एकच असेल असं समजू नका. बरेच जण लाजेने दार लावून बसतात. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास अशा आईबापांनी एकत्र बसावं. वह्या काढाव्यात, कागदांची माहिती वाटून घ्यावी, पुढच्या वेळी नगरला बरोबर जावं. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी मुलांना सांभाळावं. त्याला फी लागत नाही.