सिग्नलवर गाडी बंद पडते? ‘स्लो’ वाढवण्याआधी हे तपासा

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या कोंडीत जुनी मारुती ८०० उभी आहे. क्लच दाबला, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला आणि इंजिन थरथरत बंद पडले. मागून हॉर्न सुरू! शहरात हे फार तर ओशाळवाणे ठरेल. पण आलापल्लीहून भामरागडकडे जाताना, जिथे मोबाइलला धड रेंज नसते अशा जंगल रस्त्यावर संध्याकाळी हेच घडले, तर प्रश्न गंभीर होतो.

यावर गॅरेजमध्ये सर्रास एकच उपाय होतो. पेचकस घेऊन ‘स्लो’ चढवून देणे. गाडी बंद पडणे थांबते, पण खरा बिघाड तसाच राहतो. मग हा ‘स्लो’ म्हणजे नेमके काय आणि तो केव्हा, कसा सेट करायचा? समजून घेऊ.

‘स्लो’ म्हणजे काय?

अॅक्सिलरेटर न दाबता, गाडी न्यूट्रलमध्ये असताना इंजिन ज्या वेगाने फिरते तो आयडल स्पीड. जुन्या पेट्रोल कारमध्ये तो साधारण ८०० ते १००० आरपीएम असतो. ९०० आरपीएम म्हणजे इंजिनाचे सेकंदाला १५ फेरे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर मिळतो.

स्लो कमी असेल तर इंजिन बंद पडते, हेडलाइट मंद होतात. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत धोका आणखी वाढतो. इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदा ब्रेक दाबला की बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. उतारावर हे महागात पडू शकते. स्लो जास्त असेल तर पेट्रोल वाया जाते, इंजिन तापते आणि पाय काढला तरी गाडी पुढे रेटत राहते.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची?

१९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या ७९६ सीसीच्या मारुती ८०० ला सुरुवातीची अनेक वर्षे कार्बोरेटर होता. जुनी ओम्नी, जिप्सी आणि प्रीमियर पद्मिनीही त्याच पठडीतल्या. या गाड्यांत स्लो स्क्रूने सेट होतो.

एमपीएफआय गाड्यांत हे काम ईसीयू करतो. तिथे स्क्रूला हात लावू नका. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या आणि ‘चेक इंजिन’ दिवा पेटत असेल तर स्कॅन करा. काळी-पिवळी म्हणून धावणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांचा स्लो फ्युएल पंपावर असतो. ते काम पंपाच्या जाणकाराकडेच द्या.

आधी कारण शोधा

धूळ : घुग्घुस-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची, तर एटापल्ली-आलापल्ली भागात खनिजाच्या ट्रकांनी उडणारी धूळ एअर फिल्टर लवकर तुंबवते. हवा कमी पडली की पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि प्लग काळे पडतात. फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करा किंवा बदला.

रबरी पाइप : जुने व्हॅक्यूम पाइप तडकतात. ‘स्स्स’ असा आवाज येत असेल तर हवा आत शिरते आहे. अशा वेळी कितीही स्क्रू फिरवला तरी स्लो स्थिर राहत नाही.

पेट्रोल : आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे पातळ होते. ईसीयू हा फरक भरून काढतो, कार्बोरेटरला ते जमत नाही.

ऊन : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की थांबलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळू लागते आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते. हा स्लोचा दोष नव्हे. बोनेट उघडून इंजिन थोडे निवू द्या.

याशिवाय प्लग, टायमिंग आणि अॅक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, हेही बघून घ्या.

स्लो सेट करण्याच्या पायऱ्या

१. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. बंद गॅरेजमध्ये हे काम कधीही करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, पण तो जीव घेतो.

२. इंजिन पुरते गरम होऊ द्या. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन थांबला की समजा तयार. चोक पूर्ण आत, एसी आणि लाइट बंद. ओढणी, सैल बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर ठेवा.

३. ८०० च्या डॅशबोर्डवर आरपीएम मीटर नसतो. मेकॅनिककडचा टॅकोमीटर लावा. नुसत्या कानावर विसंबू नका.

४. स्क्रूच्या मूळ जागेवर खूण करा किंवा मोबाइलवर फोटो काढा. मग थ्रॉटलचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. आत घेतला की स्लो वाढतो, बाहेर काढला की कमी होतो. दर वेळी थोडे थांबून मीटर बघा.

५. शेवटी हेडलाइट लावून बघा. एसी असेल तर तोही सुरू करा. इंजिन दबले नाही, तर काम झाले.

दुसऱ्या स्क्रूला हात लावण्याआधी

कार्बोरेटरवर आणखी एक स्क्रू असतो, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. तो जोरात आवळला तर सुईचे टोक खराब होते. हे काम एक्झॉस्ट गॅस अॅनालायझर लावूनच करून घ्यावे. त्यामागे कायद्याचे कारणही आहे. पीयूसीची चाचणी आयडलवरच होते. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. अंदाजाने फिरवलेला स्क्रू तिथे नक्की पकडला जातो.

लक्षात ठेवा

एक फेरा फिरवूनही स्लो जागेवर येत नसेल, तर थांबा. दोष स्क्रूचा नाही, दुसरीकडे आहे. आणि मेकॅनिक बोनेट उघडताच ‘स्लो वाढवून देतो’ म्हणाला, तर त्याला आधी एवढेच विचारा : ‘भाऊ, तो कमी का झाला?’