फायटर पायलटची सही : भाव शाईला नसतो, पुराव्याला असतो



मागच्या आठवड्यात गोंदियातल्या एका तरुण प्रेक्षकाचा मेसेज आला. "सर, ऑनलाइन एक फोटो दिसला. दुसऱ्या महायुद्धातला फायटर पायलट, खाली त्याची सही. अठरा हजार मागतोय. पायलट वारला आहे, म्हणजे नवीन सही आता येणारच नाही. दोन वर्षांत भाव दुप्पट. आईच्या बचत गटातून कर्ज उचलू का?"

त्याला मी लगेच फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, आज पैसे पाठवू नको. आधी मी सांगतो ते ऐक." तेच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितोय.

हा विषय गोंदियात कसा?

तुम्ही म्हणाल, धानाच्या जिल्ह्यात फायटर पायलटचं काय काम? तर गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० मध्ये बांधली, ती दुसऱ्या महायुद्धासाठीच. आज तिथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे. डोक्यावरून शिकाऊ विमानं फिरतात, तेव्हा आपल्या पोरांना या विषयाचं वेड लागणं साहजिक आहे. वेड असावंच. पण वेड वेगळं आणि भांडवल वेगळं.

भाव ठरतो चार गोष्टींवर

पहिली गोष्ट, माणूस कोण. दुसरी, त्याने आयुष्यात किती सह्या केल्या.

उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक रिश्टहोफेन, ज्याला 'रेड बॅरन' म्हणतात, तो २१ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला. वय अवघं २५. सह्या करायला त्याला आयुष्यच मिळालं नाही. त्यामुळे त्याची खरी सही आज हजारो डॉलरच्या घरात जाते. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन वैमानिक अ‍ॅडॉल्फ गॅलंड मात्र १९९६ पर्यंत जगला. युद्धानंतर त्याने पुस्तकांवर, फोटोंवर, चित्रांच्या छापील प्रतींवर भरपूर सह्या केल्या. नाव मोठंच, पण माल बाजारात भरपूर.

ब्रिटनमध्ये तर याचा पद्धतशीर धंदाच झाला. टपालाची खास पाकिटं छापायची, निवृत्त वैमानिकांना बसवून सह्या घ्यायच्या, विकायची. त्यातला काही पैसा सैनिकांच्या मदतनिधीला जायचा. रॉबर्ट टेलरसारख्या चित्रकारांच्या छापील प्रतींवर खालच्या कोऱ्या पट्टीत वैमानिक पेन्सिलीने सही करायचे. म्हणूनच बऱ्याचशा वैमानिकांचं सहीचं पाकीट आजही शंभर पौंडांच्या आत मिळतं. सगळ्यांच्या बांधीत एकाच वेळी धान पिकलं की भाव काय होतो, ते गोंदियाकराला मी काय शिकवू?

तिसरी गोष्ट, सही कशावर आहे. कोऱ्या चिठोऱ्यावरची सही सगळ्यात स्वस्त. फोटोवरची त्याहून बरी. युद्धाच्या दिवसांत घरी लिहिलेलं पत्र, किंवा उड्डाणांची नोंदवही, यांची गोष्टच वेगळी.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुरावा. ही सही कधी झाली, कुठे झाली, कोणासमोर झाली, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत कोणाकोणाच्या हातातून फिरली? ही साखळी मधेच तुटली, तर तुमच्या हातात उरतो तो फक्त शाई लागलेला कागद.

खोट्या सह्या या बाजारात भरपूर आहेत. कित्येकदा सही खोटी नसते, फोटोसोबत छापलेलीच असते. साधं भिंग घ्या. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. पेनाच्या सहीत शाई कागदात मुरलेली दिसते, आणि रेघ रेघेवरून जाते तिथे गडद होते. पण भिंग फक्त छापील माल पकडतं. सराईत माणसाने पेनाने केलेली नक्कल पकडायला खात्रीशीर नमुने आणि अनुभवी डोळाच लागतो. सोबत आलेल्या 'अस्सल' प्रमाणपत्रावर जाऊ नका. तेही विकणाऱ्याच्याच प्रिंटरमधून निघालेलं असू शकतं.

"माणूस गेला की भाव वाढतो"

आता आपल्या एका मराठी वैमानिकाची गोष्ट. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसोबत ते रावळपिंडीच्या तुरुंगाची भिंत फोडून पळाले. अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ पोचले. तिथे त्यांनी लंडी खाना या स्टेशनची वाट विचारली आणि लोकांना संशय आला. कारण ते रेल्वे स्टेशन १९३२ पासूनच बंद होतं! नकाशा जुना होता. तिघे पकडले गेले आणि १९७२ च्या डिसेंबरमध्ये बाकीच्या कैद्यांसोबत मायदेशी परतले. परुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्यातून गेले.

"माणूस गेला की भाव वाढतो" हासुद्धा असाच जुना नकाशा आहे. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये लढलेले शेवटचे वैमानिक जॉन हेमिंग्वे १७ मार्च २०२५ रोजी वारले, वयाच्या १०५ व्या वर्षी. म्हणजे त्या लढाईतल्या वैमानिकाची नवी सही आता येणे नाही. पण पुरवठा थांबला म्हणून गिऱ्हाईक वाढतं का? ज्यांनी लहानपणी त्या वैमानिकांच्या गोष्टी ऐकल्या, तेच हा माल घेत होते. तेही आता म्हातारे होताहेत, त्यांचे संग्रह विक्रीला निघताहेत. आठवण टिकली तर मागणी टिकते. आठवण गेली की सही म्हणजे रद्दी.

आता हिशोब

अठरा हजार बचत गटाचे. व्याज दरमहा २ टक्के धरू. महिन्याला ३६०, दोन वर्षांचे ८,६४०. मुद्दल धरून झाले २६,६४०. विकताना साइटने १५ टक्के कमिशन कापलं असं समजा. तर नुसती बरोबरी करायला तो फोटो ३१,००० च्या वर विकला पाहिजे. कुरिअर, फ्रेम, परदेशातून आणल्यास कस्टम ड्युटी वेगळीच. आणि हप्ता दर महिन्याला भरायचा, गिऱ्हाईक मात्र कधी येईल त्याचा नेम नाही. आईच्या पतीवर काढलेला पैसा असा अडकवायचा नसतो. गटातल्या बाकीच्या बायांसमोर मान खाली घालावी लागते ती तिला.

कायदाही समजून घ्या

आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरू शकतो. मग त्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर विकता येत नाही. गणित करा. १९४५ चं पत्र २०२० मध्येच ७५ वर्षांचं झालं. १९७१ चं पत्र २०४६ मध्ये होईल. आजोबांच्या पेटीत महायुद्धातली कागदपत्रं सापडली, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. परदेशी गिऱ्हाईक शोधायची घाई नको.

मग यात धंदा आहे का?

आहे. सही विकण्यात नाही, सांभाळून देण्यात आहे.

१९७१ ला जो विशीत होता, तो आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. नागपूरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. विदर्भात हवाई दलातून आणि सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी लोक राहतात. त्यांच्या घरी फोटो आहेत, पत्रं आहेत, आणि ती वाळवी खातेय. हे काम सुरू करा : कागद स्कॅन करायचे, आम्लरहित कागदावर बसवायचे, फ्रेम करायची, आणि सोबत एक पान लिहून द्यायचं. त्या पानावर तारीख, ठिकाण, फोटोत कोण आहे, आणि त्या काकांनी स्वतः सांगितलेली आठवण. हाच तो पुरावा, ज्याच्यावाचून बाजारात सहीला किंमत नाही.

समजा सामान ९०० रुपये, जाण्यायेण्याचे २००, आणि तुम्ही घेतले २,५००. एका कामामागे १,४०० हातात. महिन्याला सहा कामं झाली तर ८,४००. ऑर्डरसोबत निम्मे पैसे आगाऊ घ्या, म्हणजे कर्जाची गरजच नाही.

तीन नियम मात्र पाळा.

१. कोऱ्या कागदावर कोणाचीही सही घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाची बँकेतली सही बहुधा तीच असते. सही फोटोवर घ्या, आणि तिचा स्कॅन इंटरनेटवर टाकू नका.

२. घरच्यांसमोर, लेखी परवानगीने काम करा. मूळ वस्तू त्यांची, ती त्यांच्याच घरी राहिली पाहिजे.

३. "काका, हे मला पाचशेला द्या ना," असं कधी म्हणू नका. गावात एकदा नाव गेलं की कुठल्याही जाहिरातीने ते परत येत नाही.

त्या पोराने शेवटी अठरा हजार वाचवले. मी त्याला एकच काम दिलंय, तेच तुम्हालाही देतो. या रविवारी आपल्या गावातल्या एका माजी सैनिकाकडे जा. काही विकायला नको, काही मागायला नको. जुना अल्बम बघा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख आणि नावं लिहून द्या. तुमचा पहिला नमुना तोच, आणि बहुधा पहिलं गिऱ्हाईकही त्याच घरातून मिळेल.

जाऊन आलात की कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!