वाटसरूच्या पिशवीत आपलं गाव



आपल्या हर्सूलवरून जळगाव रोडनं रोज अजिंठ्याच्या गाड्या जातात. सावंगी, फुलंब्री, सिल्लोड करत शंभरेक किलोमीटरवर लेणी. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी 1983 साली जागतिक वारसा यादीत आली. तेव्हापासून किती पाहुणे आपल्या दारावरून गेले असतील! पण त्यांच्या पिशवीत आपल्या हातची एखादी पुडी असते का? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मागे शहरातल्या एका प्रदर्शनात आमच्या गटाचा स्टॉल होता. एक जपानी बाई आल्या. त्यांनी कारळ्याच्या चटणीचा वास घेतला आणि हसून मान डोलावली. मग पाकीट उलटं केलं, पालटं केलं आणि परत ठेवून दिलं. सोबतच्या गाईडदादांना मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "ताई, यावर तारीख नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. त्यांना ऑफिसातल्या दहा जणींना वाटायचं आहे, आणि तुमचं पाकीट तर अर्ध्या किलोचं."

चटणी चांगली होती. पाकीट प्रवासाचं नव्हतं.

जपानमध्ये या वाटायच्या खाऊला ओमियागे म्हणतात. कुणी गावाला जाऊन आलं की घरच्यांसाठी आणि कामावरच्या सोबत्यांसाठी तिथला खाऊ आणायचाच, अशी रीत आहे. आपणही पंढरपूरहून चुरमुरे-बत्तासे आणतो आणि गल्लीत वाटतो, तसंच. तिथं प्रत्येक गावाचा खाऊ ठरलेला असतो. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर मॅपलच्या पानाच्या आकाराचा केक मिळतो, क्योटोला तांदळाच्या पिठाची यात्सुहाशी. खोक्यात एकेक नग वेगळा गुंडाळलेला असतो, म्हणजे वाटायला सोपं. खोक्यावर गावाचं नाव आणि तारीख असते.

यातून खेड्यांचं भलं कसं झालं, तेही सांगते. जपानच्या ओइता जिल्ह्यात ओयामा नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथं भातशेतीला सपाट जमीन फारशी नव्हती. 1961 पासून गावानं भाताचा हट्ट सोडला आणि आलुबुखारासारखं आंबट उमे हे फळ आणि चेस्टनटची झाडं लावली. पुढं त्या फळांचं लोणचं आणि इतर पदार्थही केले. हे बघून तिथले गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी 1979 साली 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ सुरू केली. नंतर 1993 पासून महामार्गांवर थांबे उभे राहिले. तिथं गाड्या थांबतात आणि आसपासचे शेतकरी आपला माल विकतात. मालावर पिकवणाऱ्याचं नावही असतं.

आपल्याकडेही हे नवं नाही. लोणावळ्याची चिक्की, साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, सावंतवाडीची लाकडी खेळणी. नाव घेतलं की गाव आठवतं. या वस्तू टिकतात, फुटत-सांडत नाहीत आणि वाटून देता येतात.

मग आपल्याकडं काय आहे? पहिलं म्हणजे येसर. लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी मराठवाड्याची खूण आहे. येसर कोरडं असतं, त्यामुळं सांडत नाही. पाकिटात आमटी कशी करायची त्याची चिठ्ठी टाकली की मुंबईची बाईसुद्धा करू शकेल. दुसरं, कारळ्याची आणि जवसाची कोरडी चटणी. तिसरं, बाजरीच्या खारोड्या. या चहासोबत तशाच खाता येतात. तेलाचं लोणचं मात्र प्रवाशाला देताना विचार करा. आमच्या गटाची तेलातली लसूण चटणी एका ताईंच्या बॅगेत साड्यांवर सांडली होती. त्यांचा फोन आला तेव्हा काय बोलावं सुचेना. विमानातही हातातल्या बॅगेत तेलाचं लोणचं बहुधा अडवतात.

आता हातकाम. आपल्या जिल्ह्याची पैठणी आणि शहराचा हिमरू. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीनं विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येतं. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलट बाजूनंही जवळपास सुलट बाजूसारखाच दिसतो. मशीनच्या नकलेत मागं सुटे धागे दिसतात. हिमरूत सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा असतो. ही मोठी कामं विणकरांची आहेत, ती आपण एका दिवसात शिकणार नाही. पण विणकरांकडून उरलेले तुकडे रीतसर विकत घेऊन चष्म्याचं घर, बटवा, पुस्तकातली खूण करता येते. गोधडीच्या टाक्याची छोटी पिशवी तर आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. फक्त मशीनच्या कापडाला हिमरू म्हणू नका. एकदा फसलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या गटाकडंही जात नाही.

खाण्याच्या वस्तू विकायच्या तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते. छोट्या गृहउद्योगाला तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि 14 अंकी नंबर मिळतो. लेबलवर तो नंबर, पदार्थाचं नाव, आत काय काय आहे, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, गटाचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. 'किती दिवस टिकतं' हे अंदाजानं लिहू नका. एक पाकीट घरात ठेवून दर आठवड्याला वास आणि चव बघा, तारीख लिहून ठेवा. पावसाळ्यात पुन्हा बघा, कारण दमट हवेत माल लवकर बिघडतो.

शेवटी हिशोब. समजा एक किलो येसरला माल, गॅस आणि आपली मजुरी धरून 300 रुपये लागले. 100 ग्रॅमची दहा पाकिटं केली, तर एकाला 30 रुपये पडले. पाकीट-लेबलचे 6, गाडीभाडं आणि खराब मालाचे 4. झाले 40. विक्री 60 ला ठेवली आणि दुकानदारानं 20 टक्के, म्हणजे 12 रुपये घेतले, तर हाती 48 येतात. सुटले 8 रुपये. 50 ला विकलं तर दुकानदाराचे 10 जाऊन हाती 40 येतात, म्हणजे काहीच सुटत नाही. म्हणून आपली मजुरी आणि दुकानदाराचा वाटा आधी धरा, मग किंमत ठरवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या आजी-सासूकडून शिकलेला एक कोरडा पदार्थ आणा. चव घेऊन गटाचा एकच निवडू या. दहा पदार्थ अर्धवट करण्यापेक्षा एक नीट करू. आधी पंचवीस पाकिटं करू, रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात ठेवू आणि महिनाभर बघू. काय विकलं आणि काय परत आलं, दोन्ही वहीत लिहू.

गाड्या तर दारावरून जातातच. त्यातली एखादी आपल्यासाठी थांबली पाहिजे.