महाविद्यालयीन फुटबॉल : बदलत्या संघात प्रशिक्षकाचे मूल्यमापन कसे करावे?

या पाठात 'फुटबॉल' म्हणजे अमेरिकन फुटबॉल. तेथील मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक वर्षाला लाखो डॉलर मिळवतात आणि एक-दोन हंगाम बिघडले की नोकरीही गमावतात. पण संघातील खेळाडू दरवर्षी मोठ्या संख्येने बदलत असतील, तर यशापयशाचा किती वाटा प्रशिक्षकाच्या पदरात टाकायचा?

१. पार्श्वभूमी

पूर्वी प्रशिक्षक शाळेतून खेळाडू निवडत आणि त्यांना तीन-चार वर्षे घडवत. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' ही नोंदणी व्यवस्था सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा न थांबता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये 'एकदाच' ही अटही गेली. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावाच्या आणि छबीच्या व्यावसायिक वापरातून पैसे मिळवू शकतात. त्यामुळे प्रशिक्षकाला नवे खेळाडू आणण्याबरोबरच आहेत ते टिकवावेही लागतात.

२. तीन उदाहरणे

*इंडियाना :* २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. त्यानंतर कर्ट सिग्नेटी आले. जेम्स मॅडिसन या त्यांच्या आधीच्या विद्यापीठातील अनेक खेळाडूही त्यांच्यामागोमाग आले. २०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव.

*फ्लोरिडा स्टेट :* माईक नॉर्व्हेल यांच्या संघाने २०२३ मध्ये १३ सामने जिंकले, एक गमावला. अनुभवी खेळाडू गेले, क्वार्टरबॅकसह काही जागा पोर्टलमधून भरल्या. २०२४ मध्ये २ विजय, १० पराभव. प्रशिक्षक मात्र तोच.

*टेक्सस ए अँड एम :* २०२२ ची त्यांची नवी भरती देशात पहिल्या क्रमांकाची मानली गेली. त्याच हंगामात संघ ५ जिंकला, ७ हरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढले. करारानुसार त्यांना देणे असलेली रक्कम ७.५ कोटी डॉलरहून अधिक होती.

इंडियानाकडे पाहून 'नवे खेळाडू आणा, जिंका' असे वाटेल. फ्लोरिडा स्टेटने तोच मार्ग धरला आणि संघ कोसळला. म्हणजे किती खेळाडू आणले यापेक्षा कोणते आणले आणि ते पद्धतीत बसले का, हे महत्त्वाचे. गेलेल्या खेळाडूंचा दोष प्रशिक्षकाचा नसेलही, पण त्यांच्या जागी केलेली निवड त्याचीच असते. तिसरे उदाहरण सांगते की गुणवान नवखे खेळाडू म्हणजे तयार संघ नव्हे.

३. योगायोगाचा भाग

नियमित हंगाम फक्त १२ सामन्यांचा असतो. नेब्रास्काने २०२१ मध्ये ९ सामने गमावले आणि प्रत्येक पराभव ९ किंवा त्याहून कमी गुणांचा होता. असा संघ आकड्यांत दिसतो तितका कमकुवत नसतो. मात्र निसटते पराभव वर्षानुवर्षे होत राहिले, तर त्याला केवळ दुर्दैव म्हणता येत नाही.

४. मूल्यमापनाचे चार प्रश्न

१. हाती असलेल्या खेळाडूंकडून आणि पैशांतून किती विजय अपेक्षित होते?
२. जे खेळाडू टिकले, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुधारले का?
३. कोण सोडून गेले : राखीव खेळाडू की मुख्य?
४. निकाल एका हंगामाचा आहे की तीन हंगामांचा?

पहिला प्रश्न विसरला, तर श्रीमंत विद्यापीठाचा सामान्य प्रशिक्षक थोर ठरतो आणि तुटपुंज्या साधनांत सहा सामने जिंकणारा अपयशी. शिक्षक, व्यवस्थापक किंवा रुग्णालय यांना नुसत्या निकालावरून जोखताना हीच चूक होते.

स्वाध्याय

१. फ्लोरिडा स्टेटच्या २०२४ च्या अपयशाला चारही प्रश्न लावा. निर्णयासाठी आणखी कोणती माहिती लागेल?
२. तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या संघाच्या प्रशिक्षकाबाबत हेच प्रश्न विचारून एक परिच्छेद लिहा.