इसार घेण्याआधी पुराची रेघ बघा

उल्हास, काळू, भातसा आणि वालधुनी या नद्यांच्या काठी ज्यांची जमीन आहे, त्या शेतकरी बंधूंसाठी आणि गावच्या सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींसाठी आजचा हा मजकूर आहे. बदलापूरपासून कल्याण, डोंबिवली, दिव्यापर्यंत भातखाचरं गेली आणि चाळी, इमारती उभ्या राहिल्या. अजूनही कुणीतरी बांधावर येतो आणि म्हणतो, "काका, सात-बारा क्लिअर आहे ना? मग बाकीचं आम्ही बघून घेऊ." हे 'बाकीचं' म्हणजे काय, ते सही करण्याआधी तुम्हीच बघायला हवं.

पहिली गोष्ट मोजणीची. सात-बारा तुमचा हक्क आणि क्षेत्र सांगतो. ती जमीन जागेवर कुठून कुठपर्यंत आहे, हे मात्र नकाशा सांगतो. नदीकाठच्या जमिनीत तर काठ खचतो, ओढा वाट बदलतो, बांध वाहून जातो. कागदावरचं क्षेत्र मात्र तेवढंच राहतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. आता तो ऑनलाइनही भरता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दी दाखवतो, मग 'क' प्रत हाती येते. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि खुणा पक्क्या करून घ्या. मोजणी पटली नाही तर बांधावर हमरीतुमरी नको, निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. सात-बाऱ्यावरचा पोटखराबाही नीट वाचा. पुष्कळदा त्यातच ओहोळ किंवा नाला लपलेला असतो.

आकड्यांचंही भान ठेवा. सात-बारा 'आर'मध्ये असतो आणि सौदा गुंठ्यात होतो. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तर आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. वीस आर जमीन वीस गुंठे म्हणून लिहून दिलीत, तर अडीचशे चौरस फूट जागा नसताना विकल्यासारखं होतं. उद्या तेवढ्यावरून दावा उभा राहतो.

दुसरी गोष्ट पूररेषेची. ही रेघ जलसंपदा विभाग आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर धरून निळी रेषा काढतात, तर १०० वर्षांतून एकदा येणारा पूर धरून लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मोकळं मैदान, वाहनतळ असं चालतं, राहतं घर चालत नाही. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर जोतं घ्यावं लागतं, तेही परवानगीने.

पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे मधली चोवीस वर्षं निर्धास्त, असा हिशोब कुणी करू नये. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूर पट्टा बुडाला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. शिवाय कल्याणच्या खाली उल्हासची खाडी होते. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाण्याला उतार राहत नाही. ते मग शेतात आणि घरात शिरतं.

"भराव टाकून जागा उंच करू," असं सांगणारे भेटतील. पण भरावाने पाणी आटत नाही, ते फक्त शेजाऱ्याच्या दारात जातं. तुमच्या जागेवर मातीचे डंपर रिकामे झाले की पुढच्या पावसात समोरच्या वाडीत गुडघाभर जास्त पाणी असेल.

तिसरी गोष्ट परवानगीची. ती कुणाची, हे आधी विचारा. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांचंच बघा. १९८३ साली ती महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. मधल्या काळात तिथलं नियोजन एमएमआरडीएकडे होतं. या येण्याजाण्यात ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर कितीतरी इमारती चढल्या. नियोजन प्राधिकरण दुसरं असेल, तर पंचायतीचा दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

आणि परवानगीचा कागद दाखवला तरी तो खरा आहे का, ते संबंधित कार्यालयात जाऊन विचारा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचं कल्याण-डोंबिवलीतलं प्रकरण २०२२ साली उघडकीला आलं. अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यात ज्यांनी कर्ज काढून घर घेतलं, त्यांच्या डोक्यावरचं छप्परच धोक्यात आलं.

सरपंच आणि तलाठी मंडळींना एक विनंती. आपल्या गावाचा पूररेषेचा नकाशा मागवून घ्या आणि त्याची प्रत चावडीत, पंचायतीच्या भिंतीवर लावा. कोणते सर्व्हे नंबर कोणत्या पट्ट्यात येतात, ते ग्रामसभेत वाचून दाखवा. नदीपात्रात वा नाल्यात भराव दिसला तर पंचनाम्यासाठी पावसाची वाट बघू नका. तहसीलदारांना लगेच लेखी कळवा.

आणि शेतकरी बंधूंनो, क्रम ध्यानात ठेवा. आधी मोजणी, मग पूररेषा, मग परवानगी आणि सर्वात शेवटी इसार. गिऱ्हाईक घाईत असलं तरी तुम्ही घाई करू नका. ज्याला खरोखर घर बांधायचं आहे, तो दोन महिने थांबतो. जो थांबायला तयार नाही, त्याचा इसार न घेतलेलाच बरा.